कुणी न्यायला न आलेली बॅग

बॅगेची चेन बिघडली म्हणून कुणी आलं की चेनताई ती लगेच ओढून बघायची नाही. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती बोटं फिरवायची आणि मग म्हणायची, "रनर गेलाय. दात शाबूत आहेत." माझं झेरॉक्सचं दुकान तिच्या दुकानाला लागूनच आहे, मधे फक्त पत्र्याची भिंत. त्यामुळे हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. छप्पर तिरपं, त्यामुळे आतल्या बाजूला गेलं की वाकावंच लागतं. एक शिलाई मशीन, सुट्या चाकांचे डबे, तुटक्या दांड्यांची मोळी, आणि वर भिंतीला लांब फळी. दुरुस्त झालेल्या बॅगा त्या फळीवर गिऱ्हाइकाची वाट बघत बसायच्या. दुकान मूळ तिच्या नवऱ्याचं. तो आजारी पडला तेव्हा ती फक्त तयार बॅगा परत द्यायला बसायची. तो गेला आणि बॅगा येतच राहिल्या, तेव्हा तिनं मशीनवर पाय ठेवला. त्याच मशीनवर तिनं एकुलत्या एक लेकीला शिकवलं, तिचं लग्न लावलं आणि तिला परदेशी पाठवलं.

आमचा रस्ता पुढे विमानतळाकडे जातो. त्यामुळे तिची निम्मी गिऱ्हाइकं घायकुतीला आलेली असायची. चाक निखळलंय, संध्याकाळचं विमान आहे, गाडी बाहेर उभी आहे. चेनताईनं विमान फक्त मान वर करून पाहिलेलं, पण विमानात काय न्यायचं आणि काय नाही, हे तिच्याइतकं आमच्या रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. येणारे-जाणारे आपली रडगाणी सांगत, आणि ती ऐकता ऐकता शिकत गेली. चाक बसवता बसवता तिचा तपास सुरू असायचा. "पॉवर बँक मोठ्या बॅगेत घातलीत? काढा, ती हातातल्या बॅगेत. कात्री हातातल्या बॅगेत? ती मोठीत टाका. शांपूची बाटली केवढी आहे? अर्धी रिकामी आहे ते सांगू नका, बाटलीवर काय छापलंय ते बघतात. शंभरच्या वर नको."

एकदा एक वकील तिच्याशी हुज्जत घालत बसले, की टूथपेस्ट हा द्रव पदार्थ होऊच शकत नाही. चेनताईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुद्दा बरोबर आहे तुमचा. तिकडे जरूर मांडा. पेस्ट मात्र इथेच ठेवून जा." वकील पेस्ट घेऊनच गेले. परतल्यावर मुकाट्यानं येऊन सांगून गेले, की काढून घेतली.

सगळ्यांना ती आणखी एक गोष्ट बजावायची. कुणी काही दिलं तर घेऊ नका. शेजारणीनं भाच्यासाठी डबा दिला, तरी नाही. "आपल्या बॅगेत आपण भरलेलंच सामान पाहिजे. तिथे विचारतात."

मग लेकीचा फोन आला. पोटात बाळ होतं, रक्तदाब वाढला होता, डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं होतं. जावयाला रजा मिळेना. "आई, तू ये," एवढंच ती म्हणाली. एरवी रुपयाची वस्तू घ्यायला चार दुकानं फिरणाऱ्या चेनताईनं त्याच दुपारी तिकीट काढायला लावलं. पासपोर्ट-व्हिसाचं काम बाळाची बातमी आली तेव्हाच होऊन गेलं होतं. तिकिटाचा कागद मीच छापून दिला. तो तिनं उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "सामानाचं काय लिहिलंय तेवढं मोठ्या अक्षरात काढून दे."

पुढचे काही दिवस आम्हाला दुसरा विषय नव्हता. मोठ्या बॅगेत तिनं बाळाची दुपटी, स्वतःचे कपडे आणि तळाशी अवजारं घातली. लेकीनं सांगितलं होतं, की तिकडे कोटाची चेन गेली तर दुरुस्त करत नाहीत, नवा कोट घ्या म्हणतात. हे ऐकून चेनताई हबकलीच होती. "एका रनरसाठी अख्खा कोट?" असं ती दोन दिवस ज्याला त्याला विचारत होती. म्हणून पक्कड, कटर, टोच्या, दोन कात्र्या आणि सुयांची डबी असं सगळं कापडात गुंडाळून तिनं मोठ्या बॅगेत ठेवलं. चिकटवायचं सोल्युशन पेट घेतं, म्हणून ते दुकानातच ठेवलं.

प्रश्न उरला हातातल्या बॅगेचा. जन्मभर दुसऱ्यांच्या बॅगा शिवल्या, पण स्वतःकडे एक धड ट्रॉली नव्हती. तिनं फळीकडे पाहिलं. कोपऱ्यात एक गडद हिरवी ट्रॉली दोन वर्षांहून जास्त काळ पडून होती. चाक बदललेलं, आतला उसवलेला खिसा शिवलेला, काम चोख झालेलं, पण न्यायला कुणी आलंच नव्हतं.

"गिऱ्हाईक आलं तर?" तिनं मला विचारलं.

"दोन वर्षांत आलं नाही, ते आता तू नसताना नेमकं येणार आहे होय?" मी म्हणालो.

"परत आले की जागच्या जागी ठेवीन," ती म्हणाली. बॅग तिनं झटकली, आतून ओल्या फडक्यानं पुसली, उन्हात ठेवली. प्रत्येक खिशात हात घालून पाहिला. मग औषधं, डॉक्टरची चिठ्ठी, पॉवर बँक, एक जोड कपडे, बाळाचं टोपडं आणि पारदर्शक पिशवीत छोट्या छोट्या बाटल्या, असं सगळं भरून हुकाच्या काट्यावर वजन केलं. काटा बघून ती स्वतःशीच हसली. परीक्षेला बसायच्या आधीच पेपर हातात आल्यासारखी.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तिच्या तोंडून आणि तिच्या धाकट्या भावाकडून ऐकलेलं आहे. भावानंच तिला आपल्या टेंपोतून विमानतळावर सोडलं.

काउंटरवरच्या मुलीनं मोठी बॅग पट्ट्यावर घेतली आणि ठरलेला प्रश्न विचारला. "सामान तुम्ही स्वतःच भरलंय ना? कुणी काही न्यायला दिलंय?"

"मीच भरलंय. कुणाचं काही नाही," चेनताईनं ऐटीत सांगितलं. हे उत्तर तिनं शेकडो लोकांकडून पाठ करून घेतलेलं.

तपासणीच्या रांगेत तर ती तयारीतच होती. पुढच्या माणसाची अजून कमरेच्या पट्ट्यावरूनच वादावादी चालली होती, तोवर हिनं फोन, पॉवर बँक, बाटल्यांची पिशवी आणि स्वेटर ट्रेमध्ये मांडून ठेवलं. स्वतः चौकटीतून गेली. काही वाजलं नाही. पलीकडे जाऊन चपला घालायला लागली.

सामानाचा सरकता पट्टा थांबला. हिरवी ट्रॉली यंत्रात मागे गेली, पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. पडद्यासमोर बसलेल्या माणसानं आणखी एकाला बोलावलं. दोघं वाकून बघत राहिले. मग तो बसलेला माणूस खुर्चीवरून उठला. चेनताई सांगते, त्याचं ते उठणं पाहिलं आणि दुसरी चप्पल हातातच राहिली. इतका वेळ तो कशालाच उठला नव्हता.

"ही बॅग कुणाची?" एका उंच अधिकारी बाईंनी विचारलं.

"माझी."

"इकडे या, मावशी. बॅगेला हात लावू नका."

बॅग रिकामी केली. टोपडं, औषधं, कपडे, एकेक वस्तू बाजूला गेली. रिकामी बॅग पुन्हा यंत्रातून काढली. पडद्यावर जे होतं ते तरीही तिथेच होतं. तोवर मागची रांग दुसऱ्या यंत्राकडे वळवली होती आणि लोक वळून वळून हिच्याकडे बघत होते.

"अस्तर उसवावं लागेल," बाई म्हणाल्या.

"द्या, मी उसवते. तुम्ही फाडाल," चेनताई बोलून गेली. कुणीही हसलं नाही.

बाईंनी हातमोजे चढवले आणि अस्तर मागच्या बाजूनं कापलं. ओढायच्या दांड्याच्या दोन लोखंडी नळ्या असतात ना, त्यांच्या मधल्या खाचेत, जुन्या चिकटपट्टीला धरून काहीतरी अडकलं होतं. बाईंनी बोटानं ते सोडवलं. पितळेचं, बोटाच्या दोन पेरांएवढं. ट्रेमध्ये टाकलं तेव्हा टणकन वाजलं.

चेनताईनं मान पुढे करून पाहिलं. "हे दांड्याचं नाही," ती म्हणाली. "दांड्यात असला भागच नसतो."

"हे काय आहे माहीत नाही तुम्हाला?"

"नाही."

"काडतूस आहे. जिवंत."

चेनताईला शब्द ऐकू आला, पण समजला नाही. टोपडं त्या ट्रेच्या शेजारीच पडलं होतं. तिला आठवतं ते एवढंच, की कुणीतरी ते तिथून उचलावं असं तिला वाटत होतं.

"बॅग तुमचीच आहे ना?" बाईंनी परत विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"आत्ताच तर म्हणालात, माझी."

"सामान माझं आहे. बॅग माझी नाही." हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं, आणि तेव्हा कुठे तिला कळलं की आपण काय केलंय. कुणाचा डबासुद्धा नेऊ नका म्हणून जगाला सांगत होतो, आणि आपण कुणाची तरी अख्खी बॅग उचलून आणली.

तिला एका खोलीत नेलं. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, पाण्याचा जग. पोलीस इन्स्पेक्टर आले. फोन आणि पासपोर्ट काढून घेतले गेले. बाहेर काहीतरी घोषणा झाली आणि इन्स्पेक्टरांनी सांगितलं, की विमान थांबवलंय. तुम्ही जात नाही म्हटल्यावर तुमची मोठी बॅग विमानात ठेवता येत नाही, ती शोधून उतरवावी लागते. चेनताईला हाही नियम ठाऊक होता. पण आपल्या एका बॅगेपायी विमानभर माणसं खोळंबून बसली आहेत, हे ऐकून ती भिंतीवरच्या घड्याळातली मिनिटं मोजायला लागली.

मोठी बॅग आली. इन्स्पेक्टरांनी ती उघडली, दुपटी बाजूला केली आणि कापडाची गुंडाळी सोडली. पक्कड, कटर, टोच्या, दोन कात्र्या, सुया. त्यांनी ते सगळं टेबलावर ओळीनं मांडलं आणि काडतुसाचं पाकीट शेजारी ठेवलं.

"धंदा काय तुमचा?" त्यांनी विचारलं.

"बॅगा दुरुस्त करते, साहेब. हे सगळं मोठ्या बॅगेत चालतं. नियम आहे तसा."

"नियम मला माहीत आहेत, बाई. काडतूस कशातच चालत नाही. बॅग कुणाची?"

"गिऱ्हाइकाची. दुरुस्तीला टाकली, परत न्यायला आलं नाही."

"नाव?"

नाव तिला माहीत नव्हतं. ती कुणाला पावती देत नसे. माणूस लक्षात ठेवायची, तोही बॅगेच्या दुखण्यावरून. तिनं ट्रॉली जवळ घ्यायची परवानगी मागितली, चाकावर अंगठा फिरवला आणि खूप वेळ तशीच बसून राहिली. भीतीनं डोकं चालेना, असं ती सांगते. एरवी चाक हातात आलं की माणूस डोळ्यांपुढे उभा राहायचा. त्या दिवशी नुसतं चाकच दिसत होतं.

"डावं चाक," ती अखेर म्हणाली. "आतला खिसा तळापाशी उसवला होता. मिशीवाले. समोरच्या बँकेचे गार्ड."

दुपारी पोलिसांची जीप आमच्या रस्त्यावर थांबली. सकाळी विमानात बसायला गेलेली बाई पोलिसांसोबत खाली उतरते आहे, हे पाहून माझ्या हातातला कागदाचा गठ्ठा तसाच राहिला. विमानतळावरून पोलिसांनी कळवल्यावर भावाचा फोन आला होता, पण "ताईला धरलंय" एवढंच तो बोलू शकला होता. आणि मला वाटलं, बाटलीबिटलीवरून काही झालं असेल.

चेनताई माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, "मिशीवाले आठवतात तुला?"

आठवत होते. सगळ्या रस्त्याला आठवत होते. बँकेच्या दारात ताठ उभे असत. पैशांच्या गाडीबरोबर बाहेरगावी जात तेव्हा कमरेला रिव्हॉल्व्हर लावून जात. येता-जाता पोराटोरांना सलाम ठोकायचे. मग एक दिवस दिसेनासे झाले. बदली झाली असेल असं आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं. विचारायला कुणीच गेलं नाही.

इन्स्पेक्टर रस्ता ओलांडून बँकेत गेले. मागून चेनताई, आणि साक्षीला हवा म्हणून मी. मॅनेजरांनी आम्हाला बसवलं. मिशीवाल्या गार्डचा विषय निघताच म्हणाले, "त्याला काढून टाकलं. सिक्युरिटी एजन्सीचा माणूस होता. दोन वर्षं होऊन गेली."

"कशावरून काढलं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मोजणीत एक काडतूस कमी भरलं."

इन्स्पेक्टरांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मॅनेजरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. काडतुसाच्या बुडावर छाप असतो. एजन्सीला फोन लावून तो जुळवून पाहिला. तोच निघाला.

मी चेनताईकडे बघितलं. ती काडतुसाकडे बघत नव्हती, स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

"मीच शिवलं रे ते आत," ती म्हणाली. "खिसा उसवला होता, तिथूनच ते खाली घरंगळलं असणार. मी वरून टाका घातला आणि त्याला आत कोंडलं."

बाकीची हकीगत मॅनेजरांनी सांगितली. गार्ड पैशांच्या गाडीबरोबर बाहेरगावी गेला होता. परतल्यावर आठवड्यानं हत्यारांची मोजणी झाली, तेव्हा एक काडतूस कमी. कुणाला विकलं, असं सगळे त्याला विचारत राहिले. पोलिसांनी नेलं, काही दिवस आत ठेवलं, पुरावा नाही म्हणून सोडलं. पण एजन्सीनं शेरा मारला तो मारलाच. त्यानंतर कुठल्याच दारावर त्याला कुणी उभं केलं नाही.

त्या सगळ्या काळात ती बॅग बँकेसमोर, रस्त्याच्या या बाजूला, फळीवर होती.

दुसऱ्या दिवशी मिशीवाल्यांना ठाण्यावर बोलावलं. चेनताईबरोबर मीही गेलो होतो. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेले होते. एका मोठ्या धोबीखान्यात चादरी दाबायच्या यंत्रावर काम करत होते. बरोबर बायको आली होती. आम्ही त्यांना ओळखलंच नाही. मिशी नव्हती आणि पाठीचा ताठपणाही गेला होता. पोलिसांचं बोलावणं म्हटल्यावर ते आधीच अर्धे खचून आले होते, दारातच हात जोडून उभे राहिले.

इन्स्पेक्टरांनी सांगितलं, काडतूस सापडलंय. ते ऐकून त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी बाकाची कड धरली आणि हळूच खाली बसले.

"कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या दुकानात," चेनताई म्हणाली. "तुमच्या बॅगेत. दांड्याच्या नळ्यांच्या मधे."

"प्रवासात सुटी काडतुसं त्याच बॅगेत ठेवायचो. पण मी बॅग उलटी करून झटकली होती, ताई. तुमच्याकडे टाकायच्या आधी. काड्यापेटीतली काडीसुद्धा राहिली नसती."

"मीही झटकली होती. परवा."

ते मान हलवत राहिले. विश्वास बसत नाही म्हणून, की बसला म्हणून, ते कळेना. मग त्यांनी पाणी मागितलं आणि मिळालेलं पाणी न पिता पेला हातातच धरून बसले.

बोलली ती त्यांची बायको. "मी सांगत होते यांना," ती म्हणाली. "सगळं धुंडाळून झालं, एक बॅग तेवढी बघायची राहिलीय, घेऊन या म्हटलं. पहिल्या महिन्यात म्हटलं, सहाव्या महिन्यात म्हटलं. हे म्हणायचे, त्या बँकेसमोर मी परत पाय ठेवणार नाही." नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती चेनताईकडे वळली. "आणि तुम्ही. बँक तुमच्या समोर होती. माणूस बॅग टाकतो आणि दिसेनासा होतो. एकदा तरी रस्ता ओलांडून विचारायचंत."

चेनताई मला नंतर म्हणाली, काडतूस निघालं तेव्हा भीती वाटली होती, पण ठाण्यातल्या त्या बाकावर जसं झालं तसं विमानतळावरही झालं नव्हतं. कानात आवाज बंद झाला. ती बाई पुढेही काही बोलत होती. ओठ हलताना दिसत होते.

चेनताईवरची चौकशी लवकर मिटली. छाप जुळला होता, बँकेनं लेखी दिलं होतं, तपासणीवरच्या उंच बाईंनीही जबाब दिला, की ही मावशी स्वतःच अस्तर उसवून द्यायला निघाली होती. इन्स्पेक्टरांनी पासपोर्ट परत दिला. "पुढच्या वेळी नवी बॅग घ्या," एवढंच म्हणाले. जावयानं तिकडून धडपड करून पुढच्याच आठवड्यातलं तिकीट मिळवलं. लेकीचा रक्तदाब पुन्हा वाढला होता, म्हणून तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. विमान रद्द झालं, एवढंच तिला माहीत होतं.

आणि त्याच दिवसांत एजन्सीनं मिशीवाल्यांची फाईल पुन्हा उघडली. तेही इन्स्पेक्टरांनी दोनदा फोन केल्यावर. चौकशीसाठी जी तारीख दिली, ती नेमकी विमानाच्याच दिवसाची निघाली. इन्स्पेक्टरांनी चेनताईला सांगितलं, तुमचा लेखी जबाब आहे, तुम्ही जा. तिनं विचारलं, "लेखी जबाबावर भागेल?" ते म्हणाले, "बहुतेक." तिला तो 'बहुतेक' गिळवेना.

मी तिला समजावलं. भावानं समजावलं. "ताई, त्यांचं दोन वर्षं थांबलंय, आणखी महिनाभर थांबेल. पोरीचं बाळंतपण थांबणार आहे का?"

"नाही थांबणार," ती म्हणाली. "पण तिच्याजवळ नवरा आहे, दवाखाना आहे. या माणसाजवळ कोण आहे? ते काडतूस कुठून निघालं, ते उभं राहून सांगणारी मी एकटीच आहे."

तिनं तिकीट पुढे ढकललं. फोनवर लेकीला खरं काय ते सांगितलं. मग लेक म्हणाली, "तू एका अनोळखी माणसासाठी थांबतेयस? आई, तू?" आणि फोन ठेवला. मी पत्र्याच्या अलीकडे होतो. मशीन सुरू झालं नाही, तेव्हा मी डोकावलो. फोन हातात धरून ती तिरप्या छपराखाली वाकून उभी होती, बसायचं भान नसल्यासारखी.

चौकशीला ती ट्रॉली घेऊन गेली. पोलिसांकडून तिनं ती त्या दिवसापुरती मागून घेतली होती. तीन साहेब लोकांसमोर तिनं अस्तर उलटं केलं. खिसा कुठे उसवला होता, टाका कुठे घातला, तळाची फळी कुठे सुटते, वस्तू तिथून खाली कशी जाते आणि बॅग झटकली तरी नळ्यांमधे कशी अडकून राहते, हे सगळं एक बटण टाकून दाखवलं. ते बटण खाली पडलं नाही. एका साहेबानं स्वतः बॅग उचलून तीन-चारदा झटकली. तरी पडलं नाही. मिशीवाले कोपऱ्यात उभे होते. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

निकाल अर्धामुर्धाच लागला. चोरीचा शेरा काढून टाकला. निष्काळजीपणाचा ठेवला. जुनी नोकरी द्यायला एजन्सी तयार होती, पण हत्याराशिवाय, एका गोदामाच्या फाटकावर. मिशीवाल्यांनी ती घेतली. दोन वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बाहेर पडताना त्यांची बायको चेनताईपाशी थांबली. माफी मागितली नाही, आभारही मानले नाहीत. "तुमची पोर कशी आहे?" असं तिनं विचारलं.

त्याच दुपारी लेकीला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच. जावयानं फोटो पाठवला. चेनताईनं तो मला दाखवला आणि मोठा करून छापून मागितला. मी छापला. मोठा करूनही काचेच्या पेटीतलं ते पोर इवलंसंच दिसत होतं. दोघी ठीक आहेत, असं जावई वारंवार लिहीत होता. लेक मात्र फोनवर आली नाही.

चेनताई गेली ती नंतरच्या आठवड्यात. हातात कापडाची साधी पिशवी, जिला अस्तरच नव्हतं. तपासणी कशी झाली ते तिला धड आठवतही नाही. आपली पिशवी यंत्रातून बाहेर येईपर्यंत तिनं डोळे मिटून घेतले होते, तेवढंच सांगते.

लेकीच्या घरी पोचली तेव्हा तिकडे दुपार होती. दार लेकीनंच उघडलं. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खांद्यावर बाळ. मायलेकी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. चेनताईनं वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं, ते सगळं त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं. लेक आता रडणार की दार लावून घेणार, याचा तिला अंदाज येईना.

लेकीनं बाळ खांद्यावरून काढलं आणि आईच्या हातात दिलं.

"हिला धर," ती म्हणाली. "मी जरा झोपते. उठले की भांडू."

आणि ती खरोखरच आत जाऊन झोपली. चेनताई पिशवी खांद्याला तशीच लटकवून, पायातल्या चपलाही न काढता, संध्याकाळपर्यंत बाळ घेऊन त्या खोलीत फेऱ्या मारत राहिली.